तीन घरांत ठेवलेली माणसं

भाऊंच्या स्टुडिओत फोटो पुसायला बंदी होती. डोळे मिटलेला नवरदेव, तोंडात घास असलेली विहीण, ऐन वेळी कॅमेऱ्यासमोर आलेला वाढप्याचा हात, सगळं ठेवायचं. मी अकोल्याला त्यांच्याकडे अल्बम डिझाइन करायच्या कामाला लागले, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. एका लग्नाचे हललेले फोटो निवडून डिलीट करायला बसले, तर मागून हात आला आणि माझ्या हातातला माउस उचलून घेऊन गेला.

"काय करून राहिली तू?"

"हललेले फोटो काढून टाकते, भाऊ. नवरदेव हलला आहे."

"नवरदेव हालला असन. मांगची बाई हालली काय?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. नवरदेवाच्या मागे, मांडवाच्या बल्लीला टेकून एक म्हातारी उभी होती. डोक्यावर पदर, हातात रिकामा पेला. ती खरंच स्पष्ट आली होती.

"तिचा फोटो आजवर कोनी काढला असन? उद्या ती गेली तं तिचं पोरगं कोनाकडं जाईन? माह्याकडंच येईन न?" असं म्हणून त्यांनी माउस परत दिला आणि ते दुसऱ्या कामाला लागले.

मला वाटलं, माणूस चक्रम आहे. पुढे कळलं की चक्रम तर आहेच, पण म्हणतो ते खरं आहे. आमच्या स्टुडिओत लग्नाच्या हंगामाइतकंच तेरवीच्या फोटोंचं काम चाले. घरात कोणी गेलं की तेरवीला हार घालायला फोटो लागतो, आणि तेव्हा लोकांच्या लक्षात येतं की फोटोच नाही. पुरुषांचा कुठला तरी सापडतो. बायांचा नसतो. आधार कार्डावरचा असतो, पण तो पाहून घरचेच म्हणतात, ही आमची नव्हेच.

असाच हिवरखेडकडचा एक माणूस बायकोचा फोटो शोधत आला होता. भाऊंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कोनाकोनाच्या लग्नात गेलत्या त्या?" माणसाला लग्नं आठवेनात. कोणत्या पंगतीत काय वाढलं होतं ते मात्र आठवे. भाऊ तेवढ्यावरून लग्न ओळखत. "बुंदी होती आन् पाऊस आलता," एवढं ऐकून त्यांनी एक फोल्डर उघडायला लावलं. आम्ही बराच वेळ एकेक फोटो मोठा करून पाहत होतो. शेवटी ती सापडली. पोळ्यांची टोपली कमरेवर, मान वळवून कोणाशी तरी बोलताना, तोंडभर हसणारी. तो माणूस पुढे झुकून पाहत राहिला. मग म्हणाला, "हे अशी हासे काय?"

आता ही सगळी माणसं कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटरवर भाऊंचा काडीचाही विश्वास नव्हता. कोण्या एका दिवशी तो बंद पडणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणून त्यांची पद्धत अशी की प्रत्येक फोटो तीन घरांत पाहिजे. एक हार्ड डिस्क स्टुडिओत, एक अमरावतीला मोठ्या बहिणीकडे, एक हिवरखेडला एका मास्तर मित्राकडे. दर सोमवारी स्टुडिओ बंद, आणि भाऊ एसटीत. एका सोमवारी अमरावती, दुसऱ्या सोमवारी हिवरखेड. भरलेली डिस्क न्यायची, तिथली जुनी आणायची. डिस्क सुती फडक्यात गुंडाळलेली, फडकं स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर. कंडक्टरांना वाटे, या माणसाचं कोणीतरी दवाखान्यात भरती आहे. बहीण ती डिस्क आपल्या लुगड्यांच्या घडीत ठेवायची, त्यामुळे अमरावतीहून आलेल्या डिस्कला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. मास्तरांची डिस्क सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर लोखंडी पेटीत असायची आणि कुठलाच वास नसायचा. भाऊ डब्याचं झाकण उघडून नुसत्या वासावरून सांगत, ही कोणाची.

मंगळवारी सकाळी परीक्षा असे. भाऊ मनाला येईल त्या गावाचं नाव घेत आणि त्यांनी आणलेल्या डिस्कवरून मी त्या गावचं एखादं लग्न उघडून दाखवायचं. नुसतं फोल्डर दिसून चालत नसे. फोटो मोठा करून, माणसाचं तोंड दिसेपर्यंत.

"कॉपी झाली म्हणून लिहून आलं होतं, भाऊ," मी कंटाळून म्हणायची.

"त्याच्या लिव्हन्यानं काय होते? तोंड दिसलं काय तुले?"

शेजारच्या मेडिकलवाल्यावर त्यांचा विशेष राग होता. त्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मीसुद्धा रोज बॅकअप घेतो. भाऊ पाहायला गेले, तर पठ्ठ्याने बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलेला. "एकाच गोठ्यात दोन गाई बांधल्या, आन् म्हनतो, एक चोरीले गेली तं दुसरी हाये," भाऊ त्याच्या गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले. मेडिकलवाल्याने पेनड्राइव्ह घेतला आणि हरवू नये म्हणून सुतळीने त्या कॉम्प्युटरलाच बांधून ठेवला. भाऊंनी त्याच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं होतं. मी एकदा म्हटलं, आता सगळं इंटरनेटवर ठेवता येतं, एसटीचे धक्के कशाला खायचे? त्यावर त्यांनी विचारलं, "कोनाच्या घरी राह्यते ते?" काय माहीत, मी म्हटलं. "मंग कसं ठेवाव? घरधन्याले ओळखल्याशिवाय पोरगी देतो काय आपन?"

माणूस दिसायला गंभीर, बोलायला तुटक. पांढरा सफारी, खिशात चष्म्याचं फडकं. फोटो काढताना ते कधीच कोणाला हसा म्हणाले नाहीत. "श्वास घ्या," म्हणायचे, आणि माणूस श्वास सोडायच्या बेतात असताना बटण दाबायचे. लग्नात भांडी घासणाऱ्या बायांचे फोटो निघाल्याशिवाय ते स्वतः जेवायला बसत नसत. त्या बाया तोंड लपवायच्या, लाजायच्या, हे तिथेच उभे. लग्नघरचे यजमान ताटकळायचे. मला तेव्हा त्यांचा राग यायचा, कारण मलाही भूक लागलेली असायची.

बार्शीटाकळीची मावशी आमच्याकडे यायला लागली ती मी कामाला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. नवरा फार आधी गेलेला, एकच मुलगा, आणि तो मित्रांबरोबर धरणावर पोहायला गेला तो बुडाला. मोबाइल त्याच्या खिशातच होता. त्याचा तेरवीचा फोटो भाऊंनीच एका लग्नाच्या व्हिडिओतून काढून दिला होता. हिवरखेडजवळच्या कोण्या दोस्ताच्या वरातीत तो नाचत होता आणि नाचता नाचता एकदा सरळ कॅमेऱ्यात पाहून हसला होता. तेच हसणं मोठं करून, फ्रेम करून मावशीला दिलं.

तेरवी झाल्यावर थोड्याच दिवसांनी मावशी ती फ्रेम पिशवीत घालून परत घेऊन आली.

"हा तुमच्यापाशीच ठेवा, भाऊ. मी चुलीपाशी गेली का माह्याकडं पाह्यते, पान्याले गेली का पाह्यते. मले घरात फिरू देत नाही त्याचे डोये. अन् पेटीत घालून ठेवाले जीव होत नाही."

"ठेवतो," भाऊ म्हणाले. "पाहाव वाटलं का या."

ती यायची. शनिवारी शाळा लवकर सुटे, त्या दिवशी. पायातली चप्पल बाहेर काढून आत यायची, माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसायची. मी व्हिडिओ लावायची. भाऊ कितीही कामात असले तरी येऊन मागे उभे राहायचे. मुलगा नाचायचा, कॅमेऱ्याकडे वळायचा, हसायचा. तिथे मावशी म्हणायची, "थांबव." थोडा वेळ पाहायची. मग पदराने तोंड पुसून, माझ्यासाठी आणलेल्या तुरीच्या शेंगा टेबलावर ठेवून निघून जायची. ती रडताना मी कधी पाहिली नाही. एकदा जाताना तिने भाऊंना विचारलं, "हा जाईन तं नाही न इथून?" भाऊंनी तिला अमरावतीची आणि हिवरखेडची डिस्क समजावून सांगितली. "तीन घरी हाये तो, ताई. एक घर गेलं तरी दोन घरं हायेत." मावशीला ते फार आवडलं होतं. आपला मुलगा तीन घरी राहतो, असं ती नंतर मला सांगायची.

लक्ष्मीपूजनाला दुकानदार वह्या पूजतात. भाऊ डिस्क पूजायचे. पाटावर लाल कापड, त्यावर स्टुडिओतली डिस्क, तिच्यावर कागद घालून मग हळदकुंकू, म्हणजे आत दाणा जायला नको. लाह्या, बत्तासे, समई. बाकीच्या दोन डिस्कना पूजा नाही. त्या आपापल्या घरी. एका छपराखाली तिन्ही कधी यायच्या नाहीत, हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी माझ्यादेखत कधी मोडला नव्हता.

मग एका दिवाळीत हिवरखेडची डिस्क स्टुडिओतच होती. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो, त्याआधी तिच्यात वर्षाचं सगळं नीट भरून घ्यायचं काम मी करत होते. आणि भाऊबिजेला यायची ती बहीण यंदा दोन दिवस आधीच आली. मोठ्या बहिणीला ते बाई म्हणत. बाईंनी पिशवीतून फराळाचा डबा काढला आणि त्याखालून लुगड्यात गुंडाळलेली डिस्क.

भाऊ दारातच थबकले. "बाई, हे कावून आनली?"

"अरे, लक्ष्मी हाये न ते तुयी? वर्साची पूजा, आन् ते माह्या कपाटात अंधारात पडून राह्यते. मले नाही पाहावलं, बाप्पा."

भाऊंनी एकदा पाटाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. ती म्हातारी एवढ्या दुरून एसटीत मांडीवर घेऊन आली होती, जसे ते न्यायचे तशीच. ते म्हणाले, "राहू दे. उद्या सकायीच घेऊन जातो मी." आणि तिन्ही डिस्क शेजारीशेजारी पाटावर मांडल्या. मला ते सुंदर दिसलं होतं, हे मी कबूल करते. सगळं घर एकत्र आल्यासारखं वाटत होतं.

आरती झाली. समोरच्या गल्लीत पोरं अनार लावत होती, म्हणून आम्ही सगळे बाहेर ओट्यावर आलो. स्टुडिओत मागे कारंज्याच्या बागेचा रंगवलेला पडदा होता. तो वाऱ्याने समईकडे आला असेल. आम्हाला वास आला तेव्हा आत थर्माकोलचे खांब, फ्लेक्स, अल्बमचे कागद, सगळं एकदम पेटलं होतं. मेडिकलवाला बादल्या घेऊन धावत आला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विझवलं. पाट उरला नव्हता, कॉम्प्युटर नाही, मावशीने ठेवायला दिलेली फ्रेमही नाही. डिस्क कोणती कोणाची ते वासावरूनही सांगता येण्यासारखं नव्हतं. भाऊ त्या नागपूरला घेऊन गेले, तिथल्या माणसाने हातात घेऊन पाहिल्या आणि तशाच परत दिल्या.

तिन्ही एकत्र कशा आल्या, असं ज्याने त्याने विचारलं. भाऊंनी सगळ्यांना एकच सांगितलं, "मीच आनाले लावली होती." बाई शेजारी बसलेल्या असत. त्यांना खरं माहीत होतं, मलाही. आम्ही दोघींनी तोंड उघडलं नाही.

भाऊबिजेला मी त्यांच्या घरी होते. बाईंनी तबक भरलं, पण निरांजन काही त्यांच्याने लावलं जाईना. काडी हातात घेत, खाली ठेवत. भाऊंनी स्वतः काडी ओढली, वात पेटवली, तबक उचलून बहिणीच्या हातात दिलं आणि पाटावर जाऊन बसले. "ओवाय आता," म्हणाले. त्या माणसाबद्दल कोणी मला विचारलं तर मी आधी हेच सांगते. भाऊ आता नाहीत. मी लग्नानंतर अमरावतीला आले, डीटीपीचं छोटं दुकान टाकलं. माझ्या कामाची एक डिस्क नणंदेकडे असते, एक माहेरी, आणि मी महिन्यातून एकदा त्या उघडून पाहते. माझा नवरा हसतो. पण लक्ष्मीपूजनाला मी पाटावर नुसता कॉम्प्युटरचा माउस ठेवते.

त्या दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर, मावशी शनिवारी येईल तेव्हा सांगू, असं मी म्हटलं. भाऊ म्हणाले, ती इथवर येऊन जळकी भिंत पाहणार नाही. आम्ही बार्शीटाकळीला गेलो. दिवाळीची सुट्टी, मावशी अंगण सारवत होती. भाऊंनी बसायच्या आधी, उभ्या उभ्याच सांगून टाकलं. माझी चूक झाली म्हणाले. तिन्ही घरं एकाच ठिकाणी आणली म्हणाले.

मावशीचे हात शेणात तसेच. "तुमी तं म्हने, तीन घरी हाये."

"होता, ताई."

"म्या तुमच्या भरोशावर त्याले घरातून काढला. नाही तं कोनती माय लेकाचा फोटो घरातून काढते? पेटीत ठेवला असता तरी आज असता." ती ओरडली नाही, पण तिचा आवाज ऐकून शेजारच्या बाया दारात आल्या. "मले आता त्याचं नाक आठवत नाही, भाऊ. दर शनवारी मी त्यासाठीच येत होती. कान आठवते. नाक नाही. आता मी काय करू?"

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता, कारण मावशी बोलली ते खरं होतं.

त्यानंतर त्यांनी तो हंगाम सोडला. एकही लग्न घेतलं नाही. ज्यांची ज्यांची कामं केली होती त्यांच्या दारी जाऊन ते विचारत, आम्ही दिलेलं काही उरलं आहे का? मावशीच्या मुलाच्या दोस्तांकडेही गेले. पोरांनी मोबाइल बदलले होते, जुन्यातलं काही कोणाकडे नव्हतं. मग आम्ही दोघं त्या वरातीच्या नवरदेवाच्या घरी गेलो. त्या लग्नाची सीडी आम्हीच दिलेली.

"सीडी? आहे न, वावरात," नवरदेव म्हणाला.

मक्याच्या वावरात पोपट येतात म्हणून त्याने ती दोरीला टांगली होती. आम्ही बांधावरून गेलो. ती उन्हात फिरत होती, चमकत होती. भाऊंनी गाठ सोडली, सीडी डोळ्यांसमोर धरली, तर तिच्यातून पलीकडचा मका दिसला. वरचा चंदेरी थर पावसापाण्याने निघून गेला होता. नवरदेव शरमला. भाऊ म्हणाले, "तुयी चूक नाही, बाप्पा. घरी टीव्हीले ते लावाचं मशीनच राह्यलं नसन." ते खरंच होतं.

त्याच्या बायकोने गाद्यांखालून लग्नाचा अल्बम काढला. कडा वाळवीने खाल्लेल्या. आम्ही पान न पान पाहिलं. वरातीच्या एका फोटोत नवरदेव घोड्यावर, आणि पार कोपऱ्यात एक मुलगा नाचताना. पाठमोरा. दोन्ही हात वर, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, एक पाय उचललेला. तोंड दिसत नव्हतं. व्हिडिओतला तोच हिरवा शर्ट होता म्हणून आम्ही ओळखला. नवरदेवाने न मागता कात्री आणली आणि तेवढा कोपरा कापून दिला.

स्टुडिओत आल्यावर मी आगीनंतर नव्याने घेतलेल्या स्कॅनरचं झाकण उघडलं. भाऊंनी ते मिटलं. "आधी तिले पाहू दे."

मला त्याचं नवल वाटलं, आणि भीतीही. असला फोटो नेऊन उपयोग काय? जिला नाक आठवत नाही तिला पाठ दाखवायची? पण भाऊंपुढे बोलायची सोय नव्हती. पासपोर्ट फोटोचं छोटं पाकीट असतं, त्यात तो कोपरा घालून आम्ही पुन्हा बार्शीटाकळीला गेलो.

मावशीने या म्हटलं नाही, पण दारातून बाजूला झाली. भाऊंनी पाकीट दिलं. "तोंड नाही सापडलं, ताई. एवढंच सापडलं."

तिने तो तुकडा उजेडाकडे धरला आणि लगेच म्हणाली, "माह्याच हाये हा. डावा पाय पाहा न, लहानपनापासून असाच फेके." मग ती खाली बसली. फोटो मांडीवर ठेवून पाहत राहिली, स्क्रीनसमोर इतका वेळ ती कधीच बसली नव्हती. इथे ‘थांबव’ म्हणायची गरज नव्हती. आणि ती रडली. पहिल्यांदाच, आमच्यासमोर, मोठ्याने.

जरा वेळाने भाऊ म्हणाले, "मोठा करून आनतो. फ्रेम करू. आन् एक कॉपी माह्यापाशी..."

"नोको."

"ताई, एकच हाये हा. वाळवी लागली, पानी लागलं, तं..."

"नोको, भाऊ. मोठा नोको, कॉपी नोको." तिने डोळे पुसले. "याचे डोये नाही दिसत. माह्याकडं पाहत नाही हा. दोस्तायसंगं जाऊन राह्यला बाहेर, आपल्या नादात. याले मी घरी ठेवू शकतो. हा माह्यापाशीच राहू द्या."

ती उठली. चुलीच्या वर फळी होती, तिच्यावर मिठाची बरणी आणि चहाचा डबा. त्या दोघांच्या मध्ये तिने तो कोपरा उभा करून ठेवला.

माझा हात पर्समधल्या मोबाइलवर गेला होता. एक क्षण पुरला असता, मावशीची पाठ आमच्याकडे होती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मानेने नाही म्हटलं. त्यांच्या हातात ते रिकामं पाकीट होतं. मावशीने चहा ठेवला. तो आम्ही प्यायलो. मग एकाच घरात, एकच फोटो ठेवून भाऊ बाहेर पडले.